रोगाचं पाणी

दीड दिवसाचे गणपती गेले आणि अळ्या आल्या.

आधी रत्नप्रभाला वाटलं, ऊन लागून अळूची पानं करपली असतील. पानांवर पांढरट, कागदासारखे डाग पडले होते. तिने एक पान उलटं केलं तर खाली बारीक अळ्यांचा घोळका. एकमेकींना चिकटून, सगळ्या मिळून पानाचा हिरवा भाग खरवडत होत्या. मग त्या पांगल्या, करंगळीएवढ्या झाल्या, अंगावर काळे ठिपके आले, आणि एकेका रात्रीत आख्खी पानं जायला लागली. सकाळी वाडीत यावं तर सुपाएवढ्या पानांच्या जागी नुसत्या शिरा उभ्या.

गोराईला खाडीच्या अंगाला दोन वाड्या होत्या. एक नानाची, एक त्याच्या धाकट्या भावाची, म्हणजे रत्नाच्या नवऱ्याची, महादूची. मध्ये एरंडाचं कुंपण. अळू दोन्हीकडे तोच, बापाने लावलेल्या कंदांचा, काळ्या देठाचा. पितृपक्ष तोंडावर आला होता. पितरांच्या पानात अळूची भाजी लागतेच, आणि त्या पंधरवड्यात खाडीपलीकडे बोरिवलीच्या बाजारात अळूची जुडी टोपलीतून खाली ठेवायच्या आत उचलली जाते. दोन्ही घरांचं वर्ष या दिवसांवर चालायचं.

रत्ना अळ्या हाताने वेचायची. डब्यात मिठाचं पाणी, डबा कमरेला बांधलेला. पान उलटायचं, अळी चिमटीत धरायची, टाकायची. तुटलेल्या देठांचा चीक कोपरापर्यंत लागायचा आणि हात असे खाजायचे की रात्री ती चिंचेचं पाणी चोळत बसायची. एका वाफ्यातून वेचून होईतो दुसरा खाल्लेला असायचा. औषध मारावं तर फवारणीचा पंप नानाच्या ताब्यात. पंप दोघांचा, पण ठेवलेला विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत, आणि खोलीला कुलूप.

त्या कुलपाची गोष्ट उन्हाळ्यातली. एका रिसॉर्टवाल्याला दोन्ही वाड्या मिळून हव्या होत्या. नाना तयार होता, महादू नव्हता. विहीर बापाने खणलेली, पण वाटणीत नानाच्या बाजूला गेलेली. नानाने काही भांडण केलं नाही. एके सकाळी मोटरच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. भर मे महिना. महादू गावतळ्यावरून हंडे आणून अळू जगवायला लागला. तळ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. एका संध्याकाळी दोन भरलेल्या हंड्यांसकट तो खाली गेला आणि खुबा मोडला. हॉस्पिटलात सळी घातली. नाना बघायला आला, सफरचंदं घेऊन आला. कुलूप मात्र तसंच राहिलं. तेव्हापासून महादू पडवीतल्या खाटेवर होता. आधाराने मोरीपर्यंत जायचा, परत यायचा, तेवढ्याने घामाघूम व्हायचा.

पंप मागायला रत्ना नानाच्या दारात गेली तेव्हा तिची जाऊ, विमला, ओट्यावर बोंबील साफ करत होती.

"वहिनी, पंप पायजे होता. एक दिवसापुरता."

"ते घरात नायत गो," विमला मान वर न करता म्हणाली. आत नानाच्या खोकल्याचा आवाज आला. विमलाने बोंबलाचं डोकं मांजरापुढे टाकलं. "आणि आमचंच मारून झालं नाय अजून. झालं की बघू."

रत्ना थोडा वेळ उभी राहिली. बस म्हणावं असं विमलाला वाटलं नाही. मांजराचं खाऊन झालं, तेव्हा रत्ना निघाली.

नानाने औषध मारलं. वास असा उग्र होता की खाटेवर महादूचे डोळे चुरचुरले. दुसऱ्या दिवशी नानाच्या वाडीत बेडूक मेले, कोळी मेले, अळ्या मात्र आळोखेपिळोखे देऊन पुन्हा पानाला लागल्या.

खारफुटीच्या कोपऱ्यातल्या एरंडावर रत्नाला ती पहिली लटकलेली अळी दिसली. मागच्या पायांनी पानाच्या टोकाला धरून ठेवलेलं, डोकं खाली, अंग काळपट, फुगलेलं. तिने काडीने नुसतं टोचलं. कातडी फुटली आणि आतून तपकिरी पाणी खालच्या पानावर ओघळलं. वास कुजक्या मासळीचा. वर बघितलं तर त्याच झाडावर आणखी बऱ्याच. काही अजून जिवंत होत्या, पण फिकट, सुस्त, शेंड्याकडे चढत चाललेल्या.

तिची मुलगी कल्पिता बोरिवलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. तिने लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत चार-पाच अळ्या कॉलेजात नेल्या आणि संध्याकाळच्या होडीने परत आली ती धावतच.

"आई, हे बघ! मायक्रोस्कोपखाली काढलाय फोटो. सर पण एकदम खूश झाले."

फोनवर गोल गोल काहीतरी होतं, आणि त्या गोलांच्या पोटात साखरेसारखे चमकणारे कण. कण इतके दाटलेले की गोलाची कड ताणून फुटायला आली होती.

"अंडी हायत?"

"अंडी नाही गं. ही अळीच्या अंगातली पेशी आहे. आणि हे दाणे व्हायरसचे. एकेका दाण्यात कितीतरी व्हायरस बसलेत, डब्यात पेढे भरावेत तसे."

"आत गेले कसे?"

"पानाबरोबर. अळीने पान खाल्लं की दाणा पोटात जातो. आपल्या पोटात आंबट असतं ना, अळीचं उलटं, साबणाच्या पाण्यासारखं. त्यात दाणा विरघळतो, आतले सुटतात आणि पेशीत शिरतात. नुसते शिरत नाहीत, पार मधल्या गाभ्यात जाऊन बसतात. तिथून पेशीचा सगळा कारभारच हातात घेतात. पेशीने स्वतःचं काम सोडायचं आणि ह्यांचीच पिल्लं घडवत बसायचं. एका पेशीतून दुसरीत, मग चरबीत, मग सगळीकडे. गाभा फुगतो, पेशी फुटते. शेवटी अळीत अळी राहतच नाही. कातडीच्या पिशवीत नुसते दाणे."

"आणि अळीला कळत नाय?"

"पहिले काही दिवस काहीच नाही. ती मजेत खात असते."

"खात असते," रत्ना म्हणाली. तिने फोन हातात घेतला आणि तो फोटो बराच वेळ बघितला. कुंपणापलीकडे नानाच्या पडवीत दिवा लागला होता.

"ह्याचं औषध होईल?"

"होतं ना. मेलेल्या अळ्या ठेचायच्या, पाण्यात कालवायच्या, फडक्याने गाळायचं, थोडा गूळ टाकायचा म्हणजे पानाला चिकटतं आणि त्या आवडीने खातात. पण उन्हं उतरल्यावर शिंपायचं हां. उन्हाने मरतो तो. गरम पाणी तर अजिबात नको, सगळी वाट लागेल."

"माणसाला बाधेल?"

"कुणालाच नाही. ह्या अळीला सोडून."

रत्नाने परसातल्या फुटक्या पाट्यावर अळ्या ठेचल्या. नाकाला पदर बांधला, तरी वास आत शिरत होता. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं, गूळ विरघळवला, आणि पंप नव्हता म्हणून नारळाच्या हिरांचा खराटा बादलीत बुडवून पानापानावर शिंपडत गेली. पूर्ण वाडी व्हायला तीन संध्याकाळी लागल्या. खांदा इतका भरून आला की वेणी घालायला हात वर जाईना.

मग ती वाट बघायला लागली. रोज सकाळी एखादी अळी हेरून तिच्यासमोर उकिडवी बसायची. अळी खात होती. दुसऱ्या दिवशीही खात होती. 'खा,' रत्ना तिला म्हणायची. 'खा गो, पोट भरून खा.' आणि मग एका सकाळी अळीने अर्धवट पान सोडलं. अंगाला मेणासारखी तकाकी आली. दुपारपर्यंत ती देठावरून वर चढली आणि संध्याकाळी लटकली. एकामागून एक सगळी वाडी लटकली. वास सुटला. मधून नवी पानं सुरळ्या करून वर येत होती, एकालाही भोक नाही. रत्ना त्या वासात उभी राहून हसली. महादू पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं, कारण तिचे डोळे कुंपणापलीकडे होते. तिथे नानाच्या अळूचे नुसते देठ उभे राहू लागले होते.

पहिल्यांदा विमला आली. कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "तुमचं बरं सावरलं गो?"

रत्ना जुड्या बांधत होती. तिने एक जुडी बांधली, दुसरी बांधली, तिसरीचे देठ कापून सारखे केले. मग म्हणाली, "देवाची कृपा."

दुसऱ्या दिवशी नाना स्वतः आला. कुंपण ओलांडून, पडवीपर्यंत. दाढी वाढली होती. महादूच्या खाटेजवळ तो उभा राहिला आणि विचारलं, "कसा हाय पाय?" महादू म्हणाला, "हाय." मग नाना रत्नाकडे वळला.

"तुझ्या अळ्या लटकून मरतायत. कसलं औषध मारलंस?"

"एक पाणी हाय, भाऊजी. कल्पिताच्या सरांनी सांगितलेलं."

"मला दे. अर्धी वाडी गेली माझी. सर्वपित्रीला टोपलीत टाकायला पान राहणार नाय." तो थांबला. करगोट्यातली किल्ली बोटाने चाचपत राहिला. "मोटरचंही बघू आपण. पाळी लावू. एक दिवस तुमचा, एक आमचा."

महादू कोपरावर उठून बसला. त्याच्या तोंडावर जे आलं ते रत्नाने बघितलं आणि नजर काढून घेतली.

"मोटरचं नंतर बोलू," ती म्हणाली. "सांजच्याला बाटली न्यायला या."

नाना गेल्यावर महादू म्हणाला, "आला बघ ताळ्यावर. शेवटी भाऊ हाय."

रत्ना परसात गेली, ताज्या अळ्या ठेचल्या, गाळल्या. ते पाणी तिने जुन्या पातेल्यात ओतलं आणि चुलीवर ठेवलं. जाळ सारला. तपकिरी फेस काठापर्यंत चढला, खाली बसला, पुन्हा चढला. ती चुलीपुढे बसून राहिली, पाणी निम्म्याला येईतो. हॉस्पिटलात महादूला सळी घातली त्या रात्री ती बाकड्यावर अशीच बसली होती आणि नानाची सफरचंदं पिशवीत तिच्या मांडीवर होती. तिने ती गटारात टाकली होती, एक एक करून.

"काय शिजवतेस गो? वास मारतोय," महादूने पडवीतून विचारलं.

"कोंबड्यांचं."

निवल्यावर तिने त्यात गूळ घातला, थंड पाणी घातलं, बाटली भरली. रंग तोच, वास तोच. नाना आला तेव्हा तिने बाटली दोन्ही हातांनी दिली.

"धीर धरायला लागेल, भाऊजी. लगेच काय दिसणार नाय, आठ-दहा दिवस जातील. तोवर दुसरं औषध मारू नका, नायतर हे फुकट जाईल."

"नाय मारत," नाना म्हणाला.

पुढचे दिवस रत्नासाठी सुखाचे होते. पितृपक्ष लागला होता. ती पहाटे पानं कापायची, टोपल्या होडीने पलीकडे पोचवायची, परत येऊन एरंडाच्या आडून बघायची. नाना सकाळी वाडीत यायचा, वाकून पानं उलटी करायचा. अळी धरून डोळ्यांजवळ न्यायचा, सुस्त झाली का बघायचा आणि पुन्हा पानावर ठेवायचा. अळ्या मारायच्या सोडून तो त्या नीट परत ठेवत होता, हे बघून रत्नाच्या पोटात गोड काहीतरी पसरायचं.

रविवारी कल्पिता घरी होती. साळुंक्यांची एक टोळी लटकलेल्या अळ्यांवर तुटून पडलेली बघून ती म्हणाली, "हे पण भारी आहे ना आई. पक्ष्यांच्या पोटात व्हायरस मरत नाही. ते खातात, उडून दुसऱ्या शेतात बसतात, तिथे शिटतात आणि तिथे रोग सुरू. नानाकाकांकडे तर आपण दिलंच आहे, पण दिलं नसतं तरी गेलाच असता."

रत्नाचा हात जुडीवर थांबला.

दुसऱ्या दिवसापासून ती तेलाचा रिकामा डबा आणि दांडकं घेऊन वाडीत बसायला लागली. साळुंकी आली की डबा, बुलबुल आला की डबा, कावळा आला की डबा. कुंपणाच्या एरंडावर लटकलेल्या अळ्या तिने पानांसकट तोडून जाळल्या. डब्याच्या आवाजाने पोरांचे अभ्यास होईनात म्हणून शेजारपाजार वैतागला. नानाच्या वाडीतल्या अळ्यांना रोग लागू नये म्हणून ती भर उन्हात पदर डोक्यावर घेऊन उभी राहायची, आणि त्या अळ्या तिच्या राखणीत पोसल्या जात होत्या.

तिची सासू कृष्णाबाई नानाकडे राहायची, पण दुपारचा चहा महादूच्या खाटेजवळ बसून प्यायची. ती कुंपणाशी येऊन ओरडली, "अगो, पितरांचे दिवस हायत आणि कावळे हाकतेस?"

"पानं खातात, आये."

"कावळा अळू कधीपासून खायला लागला?"

रत्नाने डबा वाजवला. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली, मग काठी टेकत गेली.

सासऱ्याची तिथी दुसऱ्या दिवशी होती. जेवायला वाढताना महादू म्हणाला, "उद्या डबा वाजवायचा नाय."

"का?"

"माझापण बाप होता." त्याने घास मोडला, पण तोंडात घातला नाही. "आणि त्या दिवशी कोंबड्यांचं काय शिजवलंस ते मला कळलं हाय. मी खाटेवर हाय, आंधळा नाय. मी नानाला काय बोललो नाय. पण बाप उपाशी नको."

रत्नाने ताट पुढे सरकवलं.

तिथीला तिने डबा घरात ठेवला. नानाने कौलांवर पिंड ठेवला आणि हात जोडायच्या आतच कावळे उतरले, इतक्या दिवसांचे हाकललेले, दोन्ही वाड्यांवर काळं आभाळ केल्यासारखे. पिंडाला शिवले, भात संपवला, आणि मग ते खारफुटीच्या कोपऱ्यातल्या एरंडावर, रत्नाच्या अळूवर पसरले. साळुंक्याही आल्या. लटकलेलं सगळं वेचून खात होते. खाऊन कुंपण ओलांडत होते, नानाच्या देठांवर बसून चोची घासत होते. रत्ना उंबऱ्यावर बसून बघत राहिली. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

त्यानंतर नाना आणखी दोनदा विचारायला आला. "काय फरक दिसत नाय गो." रत्ना म्हणाली, "मोठ्या अळीला वेळ लागतो." तो मान डोलवून गेला. पाठ अशी वाकली होती की मागून तो सासऱ्यासारखा दिसला.

आणि सर्वपित्रीला थोडेच दिवस उरले असताना, सकाळी कुंपणापलीकडून आरोळी आली. "महादू! लटकल्या रे! लटकल्या!"

रत्ना एरंडाशी धावत गेली. नाना वाडीच्या मधोमध उभा होता. त्याच्या हातात एक फाटकं पान आणि पानाला डोकं खाली करून लोंबणारी अळी. तो लहान पोरासारखा हसत होता.

दुपारी ते सगळे आले. पुढे नाना, अंघोळ करून, धुतलेल्या सदऱ्यात. मागे विमला, हातात झाकलेलं ताट. त्यांच्या मागे कृष्णाबाई. निम्म्याहून जास्त अळू गेला होता, पण गाभ्यातून नवी पानं येत होती, सर्वपित्रीला पुरतील एवढी. नाना पडवीच्या पायरीशी थांबला आणि त्याने हात जोडले, धाकट्या भावाच्या बायकोला.

"रत्ना, मी चुकलो. मोटरचं कुलूप सकाळीच काढलं. पंपही बाहेर ठेवलाय, लागेल तेव्हा ने." त्याने जोडलेले हात तसेच ठेवले. "मी काय केलं, ते तू मनात ठेवलं नाहीस. दुसरी असती तर हसत बसली असती."

महादूने डोळे मिटून घेतले. रत्नाने गप्प बसायचं होतं, ताट घ्यायचं होतं. तेवढंच. पाणी आलं होतं, पंप आला होता, दीर हात जोडून उभा होता. पण 'मनात ठेवलं नाहीस' हे शब्द तिच्या अंगावर पालीसारखे पडले.

"ते पाणी मी उकळून दिलं होतं, भाऊजी."

"म्हंजे?"

"चुलीवर, फेस येईस्तोवर. उकळलं की त्यातला रोग मरतो. तुम्ही गुळाचं पाणी शिंपलंत."

नाना हसायला गेला. "मग ह्या मेल्या कशा?"

"कावळ्यांनी आणला रोग. माझ्या वाडीतून. मी त्यांनाही हाकत होते. डबा ऐकलात ना? तुमच्याकडे येऊ नयेत म्हणून वाजवत होते."

नानाने महादूकडे बघितलं, तो काहीतरी वेगळं सांगेल म्हणून.

"खरं हाय," महादू म्हणाला.

"मी रोज सकाळी..." नाना म्हणाला. "रोज सकाळी पानं उलटी करून बघत होतो गो."

"मीपण बघत होते," रत्ना म्हणाली. "तुम्हाला."

नानाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरत गेलं. रत्नाने ते उतरताना शेवटपर्यंत बघितलं. मग तो वळला आणि चालू पडला. घराकडे गेला नाही, विहिरीकडे गेला. विमला ताट घेऊन तशीच उभी राहिली. मोटरच्या खोलीशी जाऊन त्याने सकाळी काढून खिडकीत ठेवलेलं कुलूप उचललं. तेवढ्यात कृष्णाबाई काठी टाकून, पाय ओढत तिथे पोचली आणि खोलीच्या उंबऱ्यावर बसली, दोन्ही पाय आत घेऊन.

"लाव," ती म्हणाली. "मला आत घालून लाव. ही विहीर खणली तेव्हा तू माझ्या पोटात होतास आणि मी डोक्यावरून माती काढत होते."

नाना कुलूप हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने कुलूप खिडकीत परत ठेवलं आणि आईला हाताला धरून उठवलं.

दिवाळीनंतर पाळीने मोटर चालू झाली. पाटाने पाणी आलं. नाना रत्नाशी पुन्हा बोलला नाही. पाळी बदलायची असली तर विमलाकडून निरोप यायचा, आणि तोही कुंपणापलीकडूनच. रिसॉर्टचा विषय मात्र त्याने काढला नाही.

पण हे पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी रत्ना महादूच्या मांडीला तेल चोळत होती. सळीच्या वरची कातडी अजून जांभळी होती.

"सांगायची काय गरज होती गो?" महादू म्हणाला. "हात जोडून आला होता."

"त्याला वाटत होतं, मी माफ केलं."

"नाय केलंस?"

तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि एक हात त्याच्या टाचेखाली, एक गुडघ्यावर धरला.

"पाय सरळ कर," ती म्हणाली.

त्याने जोर लावला. पाय निम्म्यावर आला आणि रोज अडायचा तिथेच अडला.